बुडबुड्यांचा समुद्र

समुद्रावर फिरून घरी आलं, की आई दारातच सांगते, "आधी पाय धुऊन ये!" वाळूचं काय, दोन तांबे पाणी ओतलं की गेली. पण दोस्तांनो, अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कोल ऑइल पॉइंट नावाची जागा आहे. तिथून फिरून आलेल्यांच्या तळपायांना चिकटलेलं असतं काळंकुट्ट डांबर! ते पाण्याने जात नाही. तेल लावून चोळत बसावं लागतं.

ही जागा लॉस एंजेलिसपासून सुमारे १६० किलोमीटरवर, सांता बार्बरा शहराच्या पश्चिमेला आहे. आपल्या कोकणात समुद्र पश्चिमेला. इथे किनारा वळलेला असल्याने तो दक्षिणेला दिसतो. लांबवर चॅनल बेटांच्या निळसर टेकड्या, जवळच कड्यावर विद्यापीठाच्या इमारती, खाली लाटांवर फळी घेऊन खेळणारी मुलं. मधूनच वाऱ्याबरोबर रस्त्याच्या कामावर येतो तसा डांबराचा वास येतो. नवख्या माणसाला वाटतं, एखाद्या जहाजातून तेल सांडलं असणार. पण छे! इथे समुद्राचा तळच गळतो आहे, आणि तोही हजारो वर्षांपासून.

इथले मूळ रहिवासी चुमाश लोक. ते लाकडी फळ्या दोरीने शिवून 'टोमोल' नावाची होडी बनवत आणि तिच्या फटी डांबर व पाइनची राळ यांच्या मिश्रणाने बुजवत. १७७६ साली इथून गेलेल्या पेद्रो फाँट या स्पॅनिश पाद्र्यानेही, समुद्र किनाऱ्यावर डांबर आणून टाकतो, अशी नोंद केली आहे. तेव्हा इथे तेलाची एकही विहीर नव्हती बरं का!

मग हे येतं कुठून? सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी या समुद्रात डायॅटम नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव मरून तळाशी साचत गेले. त्यांच्यावर गाळाचे थर चढले. दाब आणि उष्णता यांनी त्यांचं तेल आणि वायू झाला. खडकांतल्या भेगांमधून ते वर सरकतात. तेल घट्ट होऊन किनाऱ्याला लागतं, वायूचे बुडबुडे होतात. शांत दिवशी होडीतून गेलं, तर पाणी सोडावॉटरसारखं फसफसताना दिसतं.

या बुडबुड्यांत मुख्यतः मिथेन असतो. हा काही परका नाही. गोबरगॅसच्या टाकीत तोच तयार होतो, तळ्यातल्या कुजक्या चिखलातून तोच वर येतो. पण त्याचा एक दोष आहे. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळजवळ ३० पट जास्त उष्णता अडवतो. म्हणून प्रश्न असा, की तळातून निघालेला किती मिथेन हवेत पोचतो?

इथे बुडबुड्याची शर्यत सुरू होते! वर चढताना त्यातला मिथेन पाण्यात विरघळू लागतो आणि पाण्यातला ऑक्सिजन, नायट्रोजन बुडबुड्यात शिरतो. विरघळलेला मिथेन खाऊन जगणारे जीवाणू समुद्रात असतात. गळतीच्या जागी तळावर जीवाणूंची पांढरी साय धरलेली पाणबुड्यांना दिसते. खोल समुद्रात बुडबुडा वाटेतच संपतो. इथे मात्र पाणी उथळ, त्यामुळे जवळपास निम्मा मिथेन हवेत जातो.

हे मोजणार कोण? डॉक्टरेट मिळाली म्हणजे अभ्यास संपला, असं आपल्याला वाटतं. पण त्यानंतरही कित्येक तरुण संशोधक दोन-चार वर्षं अशाच एका प्रश्नामागे लागतात. होडीतून तळाकडे आवाज सोडायचा आणि बुडबुड्यांवर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपायचा. कागदावर मग तळातून वर चढणाऱ्या ज्वाळांसारखं चित्र उमटतं. पाण्याचे नमुने घ्यायचे, आणि आज मोजलं ते उद्या पुन्हा मोजायचं.

१९८२ साली एका तेल कंपनीने सुमारे ६७ मीटर खोलीवर पोलादाचे दोन प्रचंड तंबू ठेवले. वायू त्यांत अडवून नळाने किनाऱ्यावर आणला गेला. त्या नोंदींतून एक गंमत कळली. भरतीला वायू कमी येतो, ओहोटीला जास्त. वरचं पाणी वाढलं, की दाबही वाढतो ना!

जवळच 'हॉली' नावाचा तेल काढण्याचा फलाट १९६६ साली उभा राहिला. तेल उपसल्याने खालचा दाब घटला, आणि १९७३ ते १९९५ या काळात त्याच्या आसपासची गळती बरीच कमी झाल्याचं संशोधकांना दिसलं. २०१५ साली उपसा थांबला. मग दाब पुन्हा वाढून बुडबुडेही वाढतील का? नुसत्या अंदाजाने याचं उत्तर मिळत नाही. जुनी मापं जपून ठेवलेली असतील, तरच नवी त्यांच्याशी ताडून पाहता येतात.

आपल्याकडेही हे काम चालतं. कृष्णा-गोदावरीच्या मुखापुढे, खोल समुद्राच्या तळाखाली मिथेन बर्फासारखा गोठून बसलेला आहे. २००६ साली तिथे जहाजातून छिद्रं पाडून तो वर काढून पाहिला गेला. गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञही त्या तळाचा अभ्यास करतात. एवढा मोठा समुद्र, पण त्याचा हिशेब एकेका बुडबुड्यापासूनच सुरू होतो. मोजायचं अजून पुष्कळ बाकी आहे. कोण जाणे, पुढची मापं तुमच्यापैकीच कुणी घेईल!