रबिंगची वही

सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा येतो. एक बादली, एक फडका आणि ओळीने उभ्या असलेल्या गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी गढूळ झालेलं असतं. पुण्यात कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच. रात्रभर गाडीवर बसलेल्या धुळीत बारीक वाळू असते आणि ती फडक्याखाली गोल गोल फिरते. दिवसा सावलीत काही कळत नाही. रात्री पेट्रोल पंपावर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळिष्टकासारख्या रेषा दिसतात आणि मालकाला वाटतं, गाडीला आता पॉलिश हवं. पॉलिश करावंच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तोच फडका फिरणार असेल, तर पैसे आणि रंग दोन्ही वाया.

*

कारखान्यातून आलेल्या हल्लीच्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक लाख, म्हणजे क्लिअर कोट. ही लाख बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. पॉलिशने ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूची लाख घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायची असते. हलक्या हाताने एक-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंडने, म्हणजे जास्त कापणाऱ्या जाड पॉलिशने, त्याहून जास्त. गेलेलं परत येत नाही. उन्हापासून खालच्या रंगाला राखणारी द्रव्यंही याच लाखेत मिसळलेली असतात. लाख फार झिजली की टपावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटू लागतात. तिथून पुढे पॉलिशवाल्याचं काम संपलं, पेंटरचं सुरू.

सर्व्हिसिंगच्या बिलात दर वर्षी ‘रबिंग-पॉलिश’ची ओळ बिनबोभाट घालू देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

*

खालच्या मजल्यावरचा मुलगा काळी होंडा घेऊन आला. माझ्या फळीवरच्या बाटल्या बघून पहिला प्रश्न, “काका, यातलं सगळ्यात स्ट्रॉंग कुठलं?” मी त्याच्या हातात सगळ्यात सौम्य बाटली ठेवली आणि एक मऊ पॅड. जरा हिरमुसला. होंडाचा काळा रंग मऊ लाखेसाठी डिटेलिंगवाल्यांत बदनाम आहे. कोरड्या फडक्याचाही ओरखडा धरतो. अशा लाखेवर जाड कंपाउंड फिरवलं तर जुने ओरखडे जातात आणि त्यांच्या जागी कंपाउंडचं स्वतःचं धुकं उरतं. मग ते काढत बसा.

याच्या दुसऱ्या टोकाला मर्सिडीज. तिने २००३ पासून सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण असलेली टणक लाख वापरायला घेतली. मऊ पॅड अर्धा तास फिरवला तरी ती दाद देत नाही. निस्सानने २००५ मध्ये निराळीच लाख आणली होती, लवचीक, बारीक ओरखडे हळूहळू आपोआप मिटवणारी. तेव्हा ‘कारसाठी चांगलं पॉलिश कोणतं’ याला एक उत्तर नाही. कोणत्या कारसाठी, आणि त्यातही कोणत्या दारासाठी? कारण ठोकर लागून गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेलं दार शेजारच्या दारासारखं वागत नाही.

*

बाटलीत काय असतं? बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड, तेलं, पाणी आणि घासताना घसरण टिकवणारे पदार्थ. काही पॉलिशांतले कण घासता घासता फुटून बारीक होतात. त्यांना पुरता वेळ द्यावा लागतो, मध्येच थांबलात तर चमक अर्धवट राहते. काहींतले कण शेवटपर्यंत तसेच राहतात. मेग्वायर्सचं एम १०५ हे कंपाउंड आणि एम २०५ हे फिनिशिंगचं पॉलिश दुसऱ्या जातीतली.

आकड्यांवर विसंबू नये. मेंझेर्ना या जर्मन कंपनीत ४०० म्हणजे जाड काम, २५०० मधलं, ३८०० शेवटचा हात; आकडा वाढेल तसं पॉलिश बारीक. मेग्वायर्सच्या आकड्यांत असा क्रम शोधाल तर डोकं फिरेल.

*

आता पॅड. माझ्या मते निम्म्याहून अधिक खेळ इथे आहे, आणि दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच.

तेच एम २०५ मायक्रोफायबरच्या पॅडवर घेतलं तर ठळक ओरखडेही उतरवतं. मऊ काळ्या फोमवर घेतलं तर नुसती झळाळी देतं. बाटली एकच, कामं दोन. म्हणून घरी करणाऱ्याने तीन बाटल्या आणि एक पॅड घेण्यापेक्षा एक बाटली आणि तीन प्रकारचे पॅड घ्यावेत. दुकानदार याच्या नेमकं उलट सांगेल. बाटलीत त्याला सुटतं जास्त.

लोकरीचा पॅड सर्वांत जास्त कापतो आणि तुलनेने कमी तापतो. तो रोटरी मशीनवाल्या गॅरेजांचा. मायक्रोफायबर त्याखालोखाल. टणक लाखेवर छान, मऊ लाखेवर धुकं सोडतो. मग फोम: कडक, मध्यम, मऊ. जाड फोम मशीनची हालचाल स्वतःच पिऊन टाकतो, पातळ फोम ती रंगापर्यंत पोचवतो. मला पातळच आवडतात, पण गोलाईवर जाड पॅड बसतो तसा पातळ बसत नाही.

रंगावरून पॅड ओळखायला जाऊ नका. लेक कंट्री कंपनीच्या नेहमीच्या फोममध्ये पिवळा म्हणजे कापणारा. रुपेसमध्ये पिवळा म्हणजे बारीक कामाचा. तिथे निळा जाड, हिरवा मधला, पांढरा सर्वांत मऊ. मेग्वायर्सचा पिवळा या दोघांच्या मधला. मित्राने ‘पिवळा पॅड घे’ असं सांगितलं, तर ‘कोणाचा?’ असं विचारल्याशिवाय फोन ठेवू नये.

पॅड किती घ्यावेत? कापायला एकाच जातीचे निदान चार-पाच, शेवटच्या हाताला दोन. एका पॅडवर अख्खी गाडी करणारे पाहिले आहेत. निघालेली लाख आणि वाळलेलं पॉलिश फोममध्ये साचतं, पॅड तापतो, मऊ पडतो, आणि माणूस म्हणतो की पॉलिश बोगस होतं. दर दीड-दोन फुटांच्या चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडावा, दोन-तीन पत्रे झाले की बदलावा.

*

मशीन: घरासाठी डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन. पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी छोट्या कक्षेत हलतो, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचत नाही. कक्षा ८ मिमीची असते, १५ची असते, २१ची असते. रुपेसच्या १५ आणि २१ मिमी मशीनांनी मोठ्या कक्षेची चाल लोकप्रिय केली. बॉनेट-टपाला २१ झकास. दारांच्या वळणांवर ती अडते, फिरणं थांबून नुसती थरथरते. सपाट टप आणि अरुंद खांब दोन्ही एकाच मशीनने करायचे तर १५ बरी. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतोय. फिरायची थांबली तर हात जास्त दाबला गेलाय किंवा मशीन तिरकं धरलंय.

अँगल ग्राइंडरला फोम लावून पॉलिश करणारे हार्डवेअरच्या दुकानांत सल्ले देत असतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. पॉलिशचं रोटरी मशीन साधारण हजार-दीड हजारावर चालवतात, आणि नवख्याच्या हातात तेसुद्धा कडेचा रंग क्षणात उडवतं. ग्राइंडर लोखंडासाठी राहू द्या.

*

सुरुवातीची पद्धत कुठल्याही बाटलीवर इतक्या ठामपणे छापलेली नसते: बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपने आखा. सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने तेवढाच करा. पुसा, टॉर्च मारून बघा. समाधान झालं तर तीच जोडी साऱ्या गाडीला. नाही झालं तर आधी पॅड बदला, बाटली नंतर. इथे घाई असणाऱ्यांनी गाडी सरळ बाहेर द्यावी.

वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. जास्त पॉलिशने पॅड घसरतो आणि धूळ उडते. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. आडवे-उभे असे चार-सहा फेरे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून.

आणि पुसल्यावर लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधली तेलं ओरखड्यांत बसून त्यांना लपवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात १० ते १५ टक्के मिसळून फवारा, स्वच्छ मायक्रोफायबरने टिपा, मग पाहा. पूर्वी ट्रकचे क्लीनर डिझेलचा बोळा फिरवून गाडी चमकवत. दोन पावसांत चमक जाई. रस्त्यावरच्या ‘इन्स्टंट शाइन’ची गत फार वेगळी नाही, वास तेवढा चांगला.

*

पॉलिशच्या आधी क्ले, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी. धुतलेल्या गाडीवर प्लास्टिकची पातळ पिशवी हाताला गुंडाळून बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतलं आहे. रेल्वे लाइनजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर चाकांच्या लोखंडाचे कण असतात. त्यांच्यासाठी मिळणारं रसायन लोखंड सापडलं की जांभळं होतं. मुलांना दाखवायला मजा येते. हे न काढता पॅड फिरवला तर तेच कण पॅडखाली.

*

बोअरचं आणि टँकरचं पाणी. उन्हात वाळलेल्या थेंबांचे गोल पांढरे डाग म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी, थोडा वेळ, मग भरपूर स्वच्छ पाणी. त्यासाठी कंपाउंड उघडू नका. क्षाराने लाखेला खड्डा पाडला असेल तरच पॉलिश.

पक्ष्यांच्या विष्ठेचं दुखणं निराळं. उन्हात लाख तापून मऊ होते, वरचा थर वाळून घट्ट बसतो, संध्याकाळी लाख निवताना त्याच्याभोवती जमते आणि ठसा राहतो. ओला कागद ठेवून भिजू द्यावं, खरवडू नये.

दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचा हार. हे सगळं वाळल्यावर फडक्याने झटकणारे हात मला सोसवत नाहीत; अक्षतांसकट घासलं जातं. आधी पाणी सोडा. पांढऱ्या गाडीवर हळदीची पिवळी छटा उरली तर तिला चार दिवस ऊन दाखवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

*

ओरखडा घालवता येईल का? नखाने बघा. नख अडकलं तर मागे लागू नका, पॉलिशने तो बोथट होईल, जाणार नाही. पाण्याचा थेंब लावल्यावर दिसेनासा झाला तर तो लाखेतच आहे, आशा आहे.

टूथपेस्टने जातो म्हणतात. हलका असेल तर जातोही, कारण तिच्यातही घासणारी पूड असते. पण दातांसाठी बनवलेली पूड रंगावर किती जाड पडेल हे ट्यूबवर लिहिलेलं नसतं.

जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर असेल तर पॅडवर गाडीचाच रंग उतरेल. घाबरू नये, त्या गाड्यांवर लाख नसे, घासला जातो तो रंगच.

*

पॉलिश झाल्यावर वॅक्स की सिरॅमिक कोटिंग? दोन्ही फक्त झाकतात, दुरुस्त काही करत नाहीत. कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ८२ ते ८६ अंशांना वितळणारं. आपल्या उन्हाळ्यात काही महिने टिकलं तरी खूप. सिरॅमिक पुष्कळ जास्त टिकतं. पण विक्रेता ‘९ एच, हिऱ्यासारखं’ म्हणू लागला की विचारा, ९ एच कशाचं? ती पेन्सिलच्या शिशाची मोजपट्टी आहे. त्या कोटिंगखाली जे ओरखडे राहिले ते पुढची काही वर्षं तसेच दिसणार, ही गोष्ट मात्र खरी.

*

किरकोळ. बंपर प्लास्टिकचा, त्यावर जाडी मोजायचं मशीन नेहमीचं चालत नाही, त्यामुळे तिथे हात अधिकच हलका. पत्र्याच्या कडा आणि उठलेल्या रेषांवर रंग पातळ असतो, तिथे टेप लावा. मायक्रोफायबर धुताना सॉफ्टनर घालू नका, धागे बुळबुळीत होतात. शिवणीवरचं कडक लेबल आधी कापून टाका. पॅड कढत पाण्यात धुतला तर वेल्क्रोचा गोंद सुटतो. पावसाळ्यात फोम दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून मी मोठं काम दिवाळीनंतरच काढतो. काळ्या खरखरीत प्लास्टिकला पॉलिश लागून पांढरे डाग पडले तर शाळेतलं साधं पांढरं खोडरबर चालतं.