लवणासुराच्या बहिणी

लोणारच्या सरोवराची गोष्ट आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पोरासोरांनाही पाठ असते. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीच्या पोटात दडून बसायचा आणि वर येऊन लोकांना छळायचा. त्याची लपायची जागा कुणालाच सापडेना. तेव्हा विष्णूने दैत्यसूदनाचं, एका देखण्या तरुणाचं रूप घेतलं आणि दैत्याच्या दोन बहिणींना मोहात पाडलं. बहिणींनी भावाची जागा सांगून टाकली. देवाने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. त्याच्या रक्ताचं पाणी झालं, मांसाचं मीठ झालं. लोणार गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर आजही ही गोष्ट अंगावर वागवत उभं आहे.

आमच्याकडे सांगतात त्या गोष्टीत दैत्याला नाव आहे, देवाला नाव आहे, उडालेलं झाकण जिथे पडलं त्या टेकडीलाही नाव आहे. बहिणी मात्र नुसत्याच ‘दोन बहिणी’. भाऊ मेल्यावर त्या कुठे गेल्या? त्या तरुणाने त्यांना नांदवलं का? लहानपणी मी हे आजीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “काहून पोरी, त्याईचं काय करतं? गोष्ट तं दैत्याची होती.”

आजीने तिच्यापुरतं खरं तेच सांगितलं. गोष्ट कुणाची, हे ठरलं की बाकीच्यांचं पुढे काय झालं हे विचारायचं नसतं. पण तो प्रश्न माझ्यासोबत वाढला, आणि पुढे मी जे जे वाचलं ते त्याच्याच उजेडात वाचलं.

शाळेत असताना लोणारची दुसरी गोष्ट कळली. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने तयार झालं. फार काळ ते ज्वालामुखीचं तोंड असावं असंही अभ्यासकांना वाटे. 1970च्या दशकात तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट हा काचेसारखा पदार्थ सापडला. प्रचंड आघाताच्या दाबाशिवाय तो बनत नाही, त्यामुळे ज्वालामुखीची शंका मिटली. गोष्ट बदलता येते, पुरावा हाती आला की जुना दैत्य बाजूला सारता येतो, हे मला तिथे कळलं. विज्ञानकथेच्या वाटेला मी लागले ती या आनंदात.

तालुक्याच्या वाचनालयात जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ मिळालं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, ही हकिकत वाचून मला केवढा हुरूप आला होता! मग बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर. दिवाळी अंक आला की आधी विज्ञानकथेचं पान उघडायचं. या लेखकांनी आमच्या कोरडवाहू तालुक्यातल्या मुलीला विश्वाएवढं अंगण दिलं, आणि त्यांचं ते ऋण मी कधीच विसरणार नाही.

तरीही त्या अंगणात बहिणी पुन्हा भेटल्या. त्या काळात मी वाचलेल्या बहुतेक कथांत प्रयोगशाळा पुरुषाची असे, धोका पुरुष ओळखी आणि जगही पुरुषच वाचवी. बायको काळजी करी, चहा आणी आणि मधूनच एखादा भाबडा प्रश्न विचारी, म्हणजे नायकाला सिद्धांत सोपा करून सांगता येई. प्रकाशाच्या वेगाचे नियम वाकवणाऱ्या लेखणीला घरातल्या कामाची वाटणी मात्र वाकवता येत नव्हती. शुभदा गोगट्यांसारख्या लेखिका त्या रांगेत होत्या, पण रांग मोठी होती आणि लेखिका थोड्या.

त्याच वयात माझं मन मुलींकडे ओढतं हे मला उमगलं. ते सांगायला शब्द नव्हते, दाखवायला गोष्ट नव्हती. वाचनालयात विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ सापडलं. 1981 साली रंगमंचावर आलेल्या या नाटकात सुमित्रा नावाच्या कॉलेजकन्येचं नमा नावाच्या मुलीवर प्रेम जडतं. एवढं धाडस करणाऱ्या लेखकाला मी मनोमन हात जोडले. पण ती गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र, आणि शेवटी सुमित्रा जीव देते. सोळाव्या वर्षी मी त्या पानावरून एवढंच घेऊन उठले की माझ्यासारखीला गोष्टीत जागा आहे, पण तिची गोष्ट दुसऱ्याने सांगायची आणि तिने मरायचं.

तेव्हा लोणारच्या गोष्टीला मी नवा प्रश्न विचारला. त्या दोघींना तो देखणा तरुण आवडलाच पाहिजे, हे कुणी ठरवलं? गोष्टीचा सगळा डोलारा या एका गृहीतावर उभा आहे: बाई म्हणजे पुरुषाला भुलणारी. ते गृहीत काढलं तर देवाला दैत्याचं घर सापडत नाही.

असा प्रश्न विचारणारी मी पहिली नव्हे, हे पुण्यात शिकायला गेल्यावर कळलं. ज्या बाईचं पुस्तक हाती आलं ती माझ्याच जिल्ह्याची निघाली. ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची करण्यात आली. पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिला ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. मग जवळजवळ शतकभर ते विस्मरणात गेलं, आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणलं.

हे पुस्तक स्त्रियांच्या हक्कांचं म्हणून ओळखलं जातं आणि ते खरंच आहे. मला मात्र त्यातली वाङ्मयाची परीक्षा सर्वांत धारदार वाटते. ताराबाई पुराणांना सोडत नाहीत आणि आपल्या काळच्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्यांना, ‘मनोरमा’ नाटकालाही सोडत नाहीत. बाईच्या अंगी लावलेले सगळे दुर्गुण लिहिले कुणी, असं त्या विचारतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारी गेली; बायकोसाठी असा कुणी नवरा गेला का, असंही विचारतात. कथेतल्या स्त्रीचित्रणाची इतकी रोखठोक झडती मराठीत त्याआधी कुणी घेतली असेल असं मला वाटत नाही, आणि ती घेतली बुलढाण्यातल्या एका बाईने, स्वतःच्या नावानिशी.

ताराबाईंनी गोष्टीतला खोटेपणा दाखवला. त्या जागी दुसरी गोष्ट कशी उभी राहते, हे मला बाहेरच्या लेखिकांनी दाखवलं. 1905 साली रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या मासिकात आली. तिच्यात बायका सौर उष्णतेवर राज्य चालवतात आणि पुरुष पडद्याआड राहतात. 1969 साली उर्सुला ले ग्विन यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये असा ग्रह कल्पिला, जिथे कुणीच कायमचा पुरुष नाही की कायमची स्त्री नाही. जोआना रस यांच्या 1972च्या ‘व्हेन इट चेंज्ड’ या कथेत व्हाइलअवे नावाच्या ग्रहावर साथीत सगळे पुरुष मरून शतकं उलटली आहेत. बायका शेती करतात, यंत्रं चालवतात, एकमेकींशी लग्न करतात, मुली वाढवतात. मग पृथ्वीवरून पुरुष उतरतात आणि समोर बायका उभ्या असताना विचारतात की इथली माणसं कुठे आहेत. ती कथा वाचून मी खूप वेळ रडले. आजी म्हणाली होती की गोष्ट दैत्याची होती. इथे प्रथमच गोष्ट बहिणींची होती, आणि देखणा पाहुणाच तिच्यात परका होता.

लोक विचारतात की समलिंगी प्रेमासाठी विज्ञानकथा कशाला हवी, साधी वास्तववादी कथा पुरत नाही का? ती हवीच. सचिन कुंडलकरांच्या 2006च्या ‘कोबाल्ट ब्लू’ने मराठीत ते दार उघडलं. पण वास्तववादी कथा आहे त्या जगाशी बांधलेली असते. तिच्यातल्या माझ्यासारखीला आधी घरच्यांशी, मग गावाशी झगडावं लागतं आणि तेवढ्यातच पुस्तक संपतं. विज्ञानकथा झगडा संपल्यानंतरचा दिवस दाखवू शकते. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आमच्या प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण 17 ऑक्टोबर 2023 रोजी आमच्या लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं. मी आणि माझी जोडीदारीण एका घरात राहतो, एकमेकींच्या आजारपणात जागतो, म्हातारपणाची तजवीज करतो. ज्या नात्याला आजच्या कायद्यात जागा नाही, ते निभावणाऱ्यांना भविष्य रोज कल्पावंच लागतं. हे काम विज्ञानकथेचंच आहे.

लोणारचं पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी हा रंग दिला, असा उलगडा शास्त्रज्ञांनी केला. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आघात, क्षार, सूक्ष्मजीव, दैत्य, देव: विज्ञानकथेला याहून भरलेली जागा महाराष्ट्रात दुसरी कुठली असेल? त्या काठावर राहणाऱ्या, कुणाला न भुलणाऱ्या, क्षारांचा अभ्यास करणाऱ्या दोघींची मराठी कथा मला वाचायची आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांनो, अशी कथा मागवा आणि ती ‘विशेष विषय’ म्हणून कोपऱ्यात न टाकता विज्ञानकथेच्याच पानावर छापा. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनो, नवं यंत्र कल्पाल तेव्हा ते चालवणाऱ्या बाईला नाव, काम आणि तिच्या मनाजोगं प्रेम द्या. आणि चिखली, मेहकर, जळगाव जामोदच्या एखाद्या घरात वहीत लपवून लिहिणाऱ्या मुली, तू लिहीत राहा. तुझी गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगू देऊ नकोस, आणि तिच्यात मरू नकोस. छापायला पाठवशील तेव्हा खाली स्वतःचं नाव घाल. तुझ्या जिल्ह्यातल्या ताराबाईंनी 1882 साली ते घातलं होतं.