माझ्याच बातम्या मला वाचता येईनात

गेल्या महिन्यात लॅपटॉपवरची विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं. 'या वयात हे काय नवीन खूळ?' असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लॅपटॉप २०१४ चा, रॅम ४ जीबी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ साठी लागणारं टीपीएम २.० माझ्या मशीनमध्ये नाही. दुकानदार म्हणाला, "भाऊ, नवीन घ्या, चाळीस हजारांत बसेल." तालुका बातमीदाराचं मानधन ज्यांना माहीत आहे त्यांनी हसू नये. आणि खरं सांगायचं तर आधीची विंडोजही विकतची नव्हती, तीनशे रुपयांत 'टाकून' घेतलेली. खोट्या बिलांच्या बातम्या मी चोरीच्या विंडोजवर लिहिल्या. तेव्हा काही टोचलं नाही, हेही कबूल.

भाच्याने पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून दाखवलं. इन्स्टॉल न करताही चालवून बघता येतं, हे मला माहीतच नव्हतं. वाय-फाय लागलं, आवाज आला, धीर आला. सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या आणि विंडोज पुसली. पहिल्याच दिवशी सवयीने एक .एक्सई फाइल उतरवली आणि दहा वेळा क्लिक करत बसलो. "मामा, ती विंडोजची. इथं सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचं." मराठी मात्र सोपं निघालं. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की झालं.

खरा धक्का पुढे होता. जुन्या बातम्या उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. आपले ते जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फॉन्ट गेला की मराठी गेली. म्हणजे मी इतकी वर्षं टाइप केलं ते मराठी आहे, हे कॉम्प्युटरला कधी कळलंच नव्हतं! यात लिनक्सचा दोष नाही. विंडोजवर ते झाकलेलं होतं, इतकंच.

२०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी नेलं त्या वर्षी, माहिती अधिकारातून मिळवलेल्या टँकरच्या फेऱ्या मी गाववार टाइप केल्या होत्या. आता पुन्हा त्याच गावांत टँकर सुरू आहेत आणि मला आकडे ताडून बघायचेत. गावाचं नाव शोधलं तर सापडत नाही. मग सगळं युनिकोडमध्ये बदलायला घेतलं. रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी एक घर सरकते. ते दुरुस्त करता येतं. आकडे मात्र एकेक करून मूळ कागदाशी ताडतोय, कारण एक शून्य इकडचं तिकडं झालं तर बातमी माझ्यावरच उलटेल.

केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतात. आपल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाचं लिनक्स केव्हाच बनवलंय. आपल्याकडच्या एकाही सरकारी टेबलावर मी ते पाहिलेलं नाही. याद्या आणि नोटिसा अजून त्याच जुन्या फॉन्टमध्ये निघतात. दहा वर्षांनी त्या कोण वाचणार?

४१ पैकी १७ गावं झालीत. कुणाकडे २०१६ च्या टँकर लॉगबुकचे फोटो असतील तर इनबॉक्स करा. आणि मिंट बघायचं असेल तर रविवारी सकाळी घरी या, चहा आहेच.