काळ्या पाइपाच्या अंगातनं काय पाझरतं



रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हाचा प्लॅस्टिकचा कॅन आठवा. बूच घट्ट, कुठं चीर नाही, तरी बाहेरनं हात फिरवला की हाताला वास. रॉकेल गळत नव्हतं, प्लॅस्टिकच्या अंगातनं पाझरत होतं. हेच उलट्या दिशेनं पिण्याच्या पाण्याच्या काळ्या पाइपात होऊ शकतं. आपल्याकडं यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

काळा पाइप म्हणजे एचडीपीई. भोवतालच्या मातीत पेट्रोल, डिझेल, थिनर मुरलं असेल तर त्यातले पदार्थ पाइपाच्या भिंतीत शिरतात आणि हळूहळू आतल्या पाण्यात उतरतात. भोक लागत नाही. आत पाण्याचा दाब असला तरी थांबत नाही. दाब गळक्या जोडातनं घाण आत येऊ देत नाही, पण हे पाझरणं त्याला अडवता येत नाही. जमीन तापली की वेग वाढतो, आणि सोलापूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. युरिया, पोटॅश, मीठ मात्र असं आत जात नाही. म्हणून खताच्या गोणीपेक्षा मला काळजी औषधाच्या बाटलीची. बाटलीवर 'ईसी' लिहिलेलं औषध पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं ना, त्यातल्या बऱ्याच औषधांत झायलीनसारखं द्रावक असतं. डाळिंबवाल्यांच्या फवारण्या किती, हे सांगोल्याकडच्या माणसाला विचारा. एकाच जागी वर्षानुवर्षं कालवायचं, सांडलेलं तिथल्याच मातीत.

आमच्या वस्तीवर नळाच्या लाइनीचा चर आखला तो नेमका औषध कालवायची टाकी आणि डिझेलच्या कॅनची शेड यांच्या मधनं. मी म्हणलं, बांधाकडनं घ्या. खोदाईवाला म्हणाला, "काका, पाइप नवाकोरा, मध्ये जोड पण नाही. गळणार कुठनं?" सत्तर फूट पाइप जादा लागणार होता, आणि बांध भावकीचा. पण एकदा पुरलेला पाइप पुढची कितीतरी वर्षं कोण उकरतंय? त्या नळाचं पाणी नातवंडं पिणार. जादा पाइपाचे पैसे मी दिले, चुलतभावानं बांध उकरू दिला. खोदाईवाल्याला ते काही पटलं नाही.

कुणी म्हणेल, पाणी तपासून घेऊ. टीडीएस मीटर फक्त क्षार दाखवतो. गावात किटवर करतात ती तपासणी नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड असल्या गोष्टींची. बेंझिन त्यात दिसत नाही. आणि पेट्रोलमधल्या बेंझिनचा पाण्याला वास यायला लागतो तोवर ते धोक्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेलेलं असतं. अमेरिकेत ही मर्यादा लिटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. तिथंच कॅलिफोर्नियात पॅराडाइज नावाचं गाव २०१८ च्या नोव्हेंबरात वणव्यात जळालं, त्यानंतर तिथल्या नळाच्या पाण्यात बेंझिन सापडलं. प्लॅस्टिकच्या लाइनीत ते मुरलं की नंतरच्या स्वच्छ पाण्यातही थोडं थोडं सुटत राहतं. म्हणजे नुसतं पाणी सोडून दिल्यानं पाइप लगेच धुतला जात नाही.

पांढरा पीव्हीसी या बाबतीत बराच बरा. पेट्रोल-डिझेलला तो चांगला टिकतो, पण थिनरसारखं कडक द्रावक जास्त सांडलं तर तोही मऊ पडतो. जोडायचं सोल्युशन पाइपाचा पृष्ठभाग विरघळवूनच चिकटतं, यावरनं ओळखा. (पीव्हीसीमधल्या शिशाचा विषय वेगळा, त्यावर केंद्राचे २०२१ चे नियम आहेत. पिण्यासाठी घेताना पाइपावर आयएस ४९८५ चा शिक्का बघाच.) इंग्लंडात असल्या खराब जमिनीत अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला प्लॅस्टिक पाइप घालतात. आपल्याकडं सोपं म्हणजे लाइन लांबनं नेणं. जागाच नसेल तर तेवढ्या टप्प्यात आट्याचा जीआय पाइप. रबरी वायसर लावू नका, रबरातनंही पाझरतं.

ज्यांची लाइन आधीच शेडजवळनं गेलीय त्यांनी टाकी आणि डिझेल आजच हलवा. पण माती आधीच भिजलेली असेल तर तेवढ्यानं भागणार नाही, तो तुकडा बदलावाच लागेल. तोवर सकाळचं पहिलं पाणी, जे रातभर पाइपात उभं राहिलंय, ते प्यायला भरू नका. काढलेला जुना तुकडा गुरांच्या हौदाला जोडू नका.