काळूला पाणी किती?

खोपटला राहणाऱ्या बाईने मराठी शिकवावे, यात थोडी गंमत आहे. ‘खोपट’ म्हणजे गवताकाडीचे लहानसे झोपडे, असा अर्थ मी वर्गात सांगितला की मागच्या बाकावरून हमखास पृच्छा होते, “मॅडम, मग तुमचे खोपट कितव्या मजल्यावर?” माझे खोपट तिसऱ्या मजल्यावर आहे. जवळच एस.टी.चे आगार, पलीकडे हमरस्ता. ठाण्याच्या या भागात भल्या पहाटेपासून माणसे निघालेली असतात. कोणी नोकरीला, कोणी शाळेला, कोणी दवाखान्यात, कोणी लग्नाला. उगाच मात्र कोणी निघत नाही. ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला ‘कुठे नाही, सहज’ असे उत्तर देणाऱ्याकडे आमच्याकडे जरा संशयानेच पाहतात.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गिअरची सायकल घेतली, तेव्हा साऱ्या इमारतीने एकच प्रश्न विचारला: कशाला? कॉलेजला जायला म्हणावे तर साडी आहे. भाजी आणायला म्हणावे तर सायकलीला टोपली नाही. वजन उतरवायला म्हणावे तर गच्चीवर योगासनांचा वर्ग चालतो. “डोंगरात जाणार आहे,” असे मी सांगितले, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझा हात हातात घेऊन विचारले, “घरी सगळे ठीक आहे ना?” पुरुषाने रविवारी सकाळी अर्धी चड्डी घालून सायकल काढली तर तो व्यायाम होतो. बाईने तेच केले तर त्यामागे काही दुःख असले पाहिजे, अशी एक समजूत आहे.

या सायकलीची जात तशी अलीकडची. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही तरुणांना जुन्या जाडजूड सायकली तामलपाईस नावाच्या डोंगरावरून खाली पिटाळण्याचा नाद लागला. त्या नादातून रुंद टायरांची, अनेक गिअरांची, धक्के सोसणारी ही सायकल जन्माला आली आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन पोचली. आमच्याकडचे दूधवाले काळ्या सायकलीला दोन्ही बाजूंना कॅन लटकावून याहून वाईट वाटा वर्षानुवर्षे तुडवीत आले. पण त्याला खेळ म्हणायचे हे त्यांना कोणी सांगितले नाही!

गिअरचे मर्म मात्र मला फार आवडले. जुन्या काळ्या सायकलीत पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक सुमारे अडीच फेऱ्या फिरते. सपाटीवर हा सौदा फायद्याचा. चढावर तोच छातीवर येतो. माझ्या सायकलीत अगदी खालचा गिअर टाकला की पायडलच्या एका फेरीला चाक पुरते एकदाही फिरत नाही. जोर कमी लागतो, वेळ जास्त जातो. शिकवण्याच्या धंद्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाला हा व्यवहार परका वाटत नाही.

पहिली वाट अर्थात येऊरची. उपवन तलावाच्या पुढे चौकी ओलांडली की चढण सुरू होते. येऊर म्हणजे काही हिमालय नव्हे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे हे ठाण्याकडचे अंग. वर गड नाही, देवळाचा कळस नाही, की ‘मी पोचले’ असे सांगण्याजोगा सुळका नाही. उंच डोंगर चढणाऱ्याच्या पुढे शिखर असते. ठेंगण्या टेकड्यांतून हिंडणाऱ्याला असा काही मान मिळत नाही. एक टेपाड चढावे, धापा टाकत उतरावे, ओहोळ ओलांडावा आणि पुन्हा नवे टेपाड. पण याच वाटांवर मला माझ्या विषयातले काही शब्द पहिल्यांदा नीट कळले. ‘पाणलोट’ हा शब्द मी कितीदा तरी उच्चारला असेन. तो मांड्यांना कळला येऊरला. चढ संपून पायडल अचानक हलके झाले, आणि ध्यानात आले की या कण्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस ठाण्याच्या खाडीकडे जातो आणि दुसऱ्या अंगाचा तुळशी-विहार तलावांकडे. मग ‘खिंड’, ‘उतरण’, ‘ओघळ’, ‘माळ’ हे शब्दही एकेक करून शब्दकोशातून खाली उतरले आणि चिखलाने भरले.

आपण ठाणे-डोंबिवलीची माणसे आपला मुलूख स्टेशनांच्या क्रमाने ओळखतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढल्याच वर्षी ती कल्याणला गेली. तेव्हापासून कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली ही आमची जपमाळ. २०२२पर्यंत जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरे, तेव्हा वर एक अख्खा डोंगर आहे हे कोणाच्या मनात येई? अंधार झाला की आपण पिशवी सावरत असू, इतकेच. पण रेल्वेच्या इंजिनिअरांनी हा मुलूख नीट वाचला होता. कल्याणला रूळ फुटतात, त्यांतला एक फाटा उल्हास नदीच्या खोऱ्यातून कर्जतकडे जातो, दुसरा काळू ओलांडून भातसेच्या बाजूने कसाऱ्याकडे. आधी पाण्याने वाट काढली, मग माणसांनी आणि बैलांनी, मागून रुळांनी. सायकलवाल्याला हे आपोआप कळते. आधी पाण्याने गिरवलेली वाट सोपी जाते. पाण्याला आडवी जाणारी वाट दम काढते.

माझी आवडती फेरी काळूकाठची. पावसाळा सरला की एखाद्या रविवारी पहाटे पाचला निघायचे. काशेळीचा पूल, मग भिवंडीच्या गोदामांकडचे कंटेनर जागे होण्याच्या आत कोनगाव, दुर्गाडीचा पूल आणि शहाड. हा भाग डोळे उघडे आणि नाक बंद ठेवून काढण्याचा. रायत्याला उल्हास ओलांडली की हवा बदलते. गोवेलीला मोठा रस्ता सोडून टिटवाळ्याकडे वळले की दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, त्यांच्या वर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि मागे बुटक्या टेकड्यांची रांग. दिवाळीच्या सुमारास भात पिवळे पडलेले असते. उन्हाळ्याच्या तोंडी याच बांधांवर राब भाजल्याचा धूर दरवळतो. बांधावरून, खडीवरून, शेणाच्या पोवट्या चुकवीत सायकल नदीपर्यंत जाते. टिटवाळ्याला लोक गणपतीसाठी येतात. देवळापासून काळू जवळच आहे, पण तिची चौकशी करणारे थोडे.

चौकशी करणारे एक माणूस आमच्या घरात आहे, आणि इथेच माझ्या निबंधाची अडचण होते. दिवाळी अंकात सासूने सुनेला छळावे, असा रिवाज आहे. आमच्या सासूबाई तो पाळत नाहीत. त्यांचे माहेर मुरबाड तालुक्यात, काळूच्या वरच्या अंगाला. अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या खोपटला आल्या. आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. भाऊ गेले, घर पडले, गुडघे गेले. माझ्या सायकलीवर इमारतीत चर्चा चालली होती, तेव्हा त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पहिल्यांदा मी टिटवाळ्याहून घामाघूम होऊन परतले, तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे करून फक्त विचारले, “काळूला पाणी किती?”

मी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि परत दिला. “हे झालं चित्र. पाणी घोट्याला होतं की गुडघ्याला?”

आता हे फोटोवरून कसे सांगणार? पुढच्या खेपेला मी सायकल काठाला आडवी टाकली, बूट काढले आणि पाण्यात उतरले. पोटरीपर्यंत. तळ दिसत होता, दगडांवर शेवाळ होते, पाणी सकाळच्या मानाने कोमट होते. हे सारे मी घरी येऊन सांगितले. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. “म्हणजे वर अजून धार आहे,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या भटकण्याला कारण मिळाले. पावसाळ्यात मी पाण्यात उतरत नाही, टिटवाळ्याजवळचा रुंद्याचा पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की त्या स्वतःच मला सांगतात, “या रविवारी जाऊ नकोस. ती आता कुणाची नाही.”

“मोटारीने तुम्हालाच घेऊन जाऊ,” असे आमचे हे दर खेपेला म्हणतात. एकदा नेलेही होते. सासूबाई परत येऊन म्हणाल्या, “मोटारीतून पूल दिसतो रे. नदी नाही दिसत.”

गेल्या मार्गशीर्षात मी सायकल टेम्पोत टाकून मुरबाडला नेली आणि तिथून त्यांच्या माहेराकडची वाट धरली. माळशेजच्या डोंगरांची भिंत समोर, पायथ्याशी टेकड्या आणि मधून काळू. या खोऱ्यात धरण बांधण्याचा बेत जुना आहे. २०११ साली काम सुरू झाले. वनखात्याच्या परवानगीच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली ते थांबवले. तेव्हापासून त्याची चर्चा पुन्हा पुन्हा उठते आणि खोऱ्यातली गावे पुन्हा पुन्हा धास्तावतात. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाईने माझी सायकल हाताने चाचपून पाहिली आणि विचारले, “मोजणीवाल्या का तुम्ही?” मी नाही म्हटले, सासूबाईंच्या गावाचे नाव सांगितले. तेव्हा कुठे तिने दुसरा चहा सांगितला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

रात्री घरी हे सारे सांगितले. सासूबाईंनी विचारले, “धरण झालंच, तर पाणी कुणाला?”

“आपल्याकडेच, आई. या सगळ्या वाढलेल्या शहरांना.”

“म्हणजे काळू माझ्या नळाला येणार.”

“हो.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शहराला पाणी लागते हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. चाळीच्या नळावर त्यांनी रांगेत वर्षे काढली आहेत. मी मराठी शिकवते, जलसिंचन नाही. धरण व्हावे की होऊ नये, याचा निकाल देण्याचा अधिकार मला नाही. पण ज्यांच्या नळाला ते पाणी यायचे, त्यांनी एकदा तरी त्या नदीत घोटाभर उभे राहून यावे, एवढे मागणे मोठे नसावे. ठाण्याहून टिटवाळा जाऊन-येऊन पाऊणशे किलोमीटरच्या घरात आहे. खालचा गिअर टाकला तर चाळिशीतल्या माणसाला जमते.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “त्या चहावाल्या बाईचं नाव विचारलंस का?”

मी नव्हते विचारले.

“मग पुढच्या खेपेला विचार. आणि तिला म्हणावं, जांभळीखालचा डोह अजून आहे का, ते बघून ठेव.”