दहा फुटांवरची टोपली

आपल्या मराठी भाषेने खेळाडूंच्या बाबतीत एक मोठा पक्षपात केलेला आहे. जो खेळतो पण खेळावर पोट भरत नाही, त्याला ती 'हौशी' म्हणते, आणि म्हणताना तिच्या चेहऱ्यावर कौतुकाचे हसू असते. जो खेळावरच पोट भरतो, त्याला ती 'धंदेवाईक' म्हणते, आणि लगेच नाक मुरडते. धंदेवाईक साक्षीदार, धंदेवाईक भिकारी यांच्या पंगतीत ती त्या बिचाऱ्याला नेऊन बसवते. अलीकडे वर्तमानपत्रांनी 'व्यावसायिक' असा धुतलेला, इस्त्री केलेला शब्द काढला आहे खरा. पण आमच्या मुलुंडच्या घरात जेव्हा हा प्रश्न निघाला, तेव्हा माझ्या आईच्या तोंडून जुनाच शब्द बाहेर पडला. "म्हणजे पोरगी चेंडू उडवून पोट भरणार? धंदेवाईक होणार?"

पोरगी म्हणजे माझी पुतणी. वय सोळा वर्षे, उंची पाच फूट अकरा इंच. मुलगा ताडमाड वाढला तर घर त्याची दृष्ट काढते. मुलगी तशी वाढली तर घर तिच्या नवऱ्याची उंची मोजू लागते. ती सातवीत असताना दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करायचे आम्ही बंद केले, कारण त्या खुणा पाहून वहिनींना झोप येईना. त्या उंचीचा घरात एकच उपयोग होता. माळ्यावरचे डबे काढायला स्टूल लागत नसे. मग एके दिवशी शाळेच्या खेळाच्या सरांनी दादाला निरोप पाठवला, "ही मुलगी मला द्या." तिच्या उंचीची काळजी न करता तिच्यावर खूश होणारा तो पहिलाच मनुष्य!

तेव्हापासून आमच्या घरात बास्केटबॉल आला. पहाटे सव्वापाचला गजर, शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर दीड तास सराव, आणि घरी परतताना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर डाव्या हाताने चेंडूचा टप्पा. खालच्या मजल्यावरचे लोक भले, म्हणून निभावले. या खेळात 'फ्री थ्रो' म्हणून एक प्रकार आहे. प्रतिस्पर्ध्याने आगळीक केली की तुम्हाला टोपलीच्या फळीपासून पंधरा फुटांवर उभे करतात. आडवे कोणी येत नाही, मदतीलाही कोणी नाही. तुम्ही, चेंडू आणि टोपली! ती रोज असे शंभर चेंडू टाकते आणि त्यांतले किती आत गेले ते गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. ७१, ६८, ७४. पुढच्या पानांवरचे गुण दादा पाही. मागच्या पानांवरचे मी.

दहावीचा निकाल उत्तम लागला. खेळाचे सवलतीचे गुणही मिळाले. दादाच्या दृष्टीने तिथे खेळाचे काम संपले होते. अकरावी शास्त्र शाखा, अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास, असा सारा आराखडा तयार होता. क्लासचा पहिला हप्ताही भरून झाला होता. नेमक्या त्याच आठवड्यात सर घरी आले आणि म्हणाले, "राज्याच्या संघाच्या शिबिरासाठी नाव आलंय. मला दोन वर्षं द्या. नुसती दोन वर्षं."

त्या रात्री घरात जे वादळ झाले, त्याचे वर्णन करीत नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अकरावीतले मूल आहे, त्यांना ते सांगायला नको. आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांची दिवाळी कशाला बिघडवा?

मी घरातला वाचणारा मनुष्य. वाद पेटला की पुस्तकांत शिरायचे, ही माझी जुनी सवय. तेव्हा या खेळाचा जन्म कुठला, ते मी काढले. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर राहिली, आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षे तिथेच आहे. बायकांसाठी चेंडू जरा लहान असतो. टोपली मात्र दहाच फुटांवर. मौजेची गोष्ट अशी की आरंभी त्या टोपल्यांना बूड होते. चेंडू आत पडला की कोणीतरी शिडी लावून वर चढायचे आणि तो काढून द्यायचा. खेळाडूचे नाव व्हायचे, पण शिडी धरणारा मनुष्य नसता तर दुसरा गोल झालाच नसता. हा शिडीवाला त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जाईना.

वाय.एम.सी.ए.च्या मंडळींबरोबर हा खेळ हिंदुस्थानात आला. मुंबईत त्याचे माहेर म्हणजे नागपाडा. एका रविवारी मी पुतणीला घेऊन भायखळ्याला उतरलो आणि तिकडे चालत गेलो. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मराठी मिशनच्या गृहस्थाने त्या दाट वस्तीत 'नागपाडा नेबरहुड हाऊस' काढले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली त्याच आवारात सुरू झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. पलीकडे मस्तान तलावाचे मैदान. या गल्ल्यांतून गुलाम अब्बास मुंतसीर हा खेळाडू निघाला. भारताचा कर्णधार झाला, १९७० साली अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. तिथली मुले संध्याकाळी कोर्टावर जातात ती आपण गच्चीवर जावे तितक्या सहज. माझी पुतणी तासभर कठड्याला टेकून पाहत राहिली. परतताना एवढेच म्हणाली, "काका, इथे कोणी कोणाला 'का खेळतोस' असं विचारत नाही रे."

आमच्या उपनगरात हा प्रश्न विचारतात. पण उपनगरांचा आणि बास्केटबॉलचा संबंधच नाही, असे मात्र कोणी समजू नये. जुहूला वाढलेला विवेक रणदिवे हा मुलगा अमेरिकेत एम.आय.टी.त शिकला, संगणकाच्या धंद्यात मोठा झाला. स्वतः हा खेळ कधी खेळला नव्हता. तरी मुलीच्या शाळकरी संघाला शिकवायला उभा राहिला. गोल करून सगळा संघ आपल्या टोकाला परततो आणि प्रतिस्पर्ध्याला अर्धे मैदान फुकट देतो, हे त्याला अजब वाटले. त्याने आपल्या मुलींना मैदानभर पाठलाग करायला लावले आणि त्या बेताच्या खेळणाऱ्या पोरी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊन पोहोचल्या. २०१३ साली हाच रणदिवे एन.बी.ए.मधील सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचा प्रमुख मालक झाला. २०१९ च्या ऑक्टोबरात तो संघ वरळीला खेळायला आला. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत सुमारे तीन हजार शाळकरी मुले होती. जादा वेळेपर्यंत ताणलेला तो सामना इंडियाना पेसर्सने १३२-१३१ असा जिंकला. आमची पुतणी तेव्हा पाचवीत. त्या तीन हजारांतली ती एक. घरी येऊन तिने दादाला विचारले होते, "बाबा, मालक आपल्यातला, मग खेळणारे का नाहीत?"

दादाने तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता. बुद्धीच्या जोरावर जुहूचा मुलगा अख्ख्या संघाचा मालक होऊ शकतो. त्याच संघात राखीव खेळाडू म्हणून बसायला मात्र आमच्या अंधेरी-बोरिवली-घाटकोपरातून आजवर कोणी गेलेले नाही. एन.बी.ए.ने निवडलेला पहिला भारतीय खेळाडू आला तो पंजाबातल्या बल्लो के नावाच्या खेड्यातून. सतनाम सिंग भमरा. त्याचे शेतकरी वडीलही सात फुटांवरचे. त्यांनाही हा खेळ खेळायचा होता, पण घरच्या शेतीने त्यांना सोडले नाही. त्यांनी मुलाला मात्र सोडले. दहाबारा वर्षांचा असताना तो लुधियानाच्या अकादमीत गेला, चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला, आणि २०१५ साली साठांच्या निवडीत बावन्नावा म्हणून डॅलसच्या संघाने त्याचे नाव पुकारले. मात्र एन.बी.ए.चा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. खालच्या पातळीच्या लीगमध्ये दोन हंगाम, पुढे उत्तेजक द्रव्याच्या चाचणीपायी दोन वर्षांची बंदी, आणि अखेर अमेरिकेतला कुस्तीचा आखाडा.

हे मी घरी जसेच्या तसे सांगितले. दादा म्हणाला, "बघ! हेच म्हणतोय मी." त्याचे चुकत होते असे नाही. या देशात बास्केटबॉलचा धंदा अजून उभा राहायचा आहे. व्यावसायिक लीग निघतात. २०१५ साली एक निघाली, ती दोन-तीन वर्षांत मिटली. २०२२ मध्ये दुसरी निघाली, तिच्यात मुंबईचाही संघ होता. पण खेळाडूची चूल पेटते ती रेल्वेच्या, बँकेच्या, तेल कंपनीच्या नोकरीवर. रेल्वेच्या मुली वर्षानुवर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवतात, त्याचे एक कारण हेच की तिथे खेळणाऱ्या मुलीला पगार मिळतो. पुण्याची शिरीन लिमये २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार होती. तिचे नाव आमच्या इमारतीत किती जणांना ठाऊक आहे, ते मी मुद्दाम विचारून पाहिले. दोघांना. त्यांतली एक माझी पुतणी.

पण या साऱ्या कथांतून मला जे दिसले ते वेगळेच. कीर्ती कोणाला मिळाली, कोणाला नाही, हा पुढचा हिशेब. प्रारंभ मात्र प्रत्येकाचा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होता. नागपाड्याच्या पोरांसाठी कोणीतरी दाट वस्तीत मैदान राखले. बल्लो केच्या शेतकऱ्याने कामाचा एक हात कमी केला. खेळाडूचे शरीर घडते ते चौदा ते अठरा या वयात, आणि नेमकी तीच वर्षे आपण मध्यमवर्गीयांनी परीक्षेकडे गहाण टाकलेली असतात. चौदा वर्षांचे मूल ती सोडवू शकत नाही. ती घराने सोडवायची असतात. शिडी धरायची ती घराने.

मी दादाला एवढेच म्हटले, "ती खेळाडू होईल की नाही, ते तुझ्या हातात नाही. ती दोन वर्षं मात्र आहेत."

दादा चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने क्लासला फोन करून हप्ता परत मिळेल का, असे विचारले. मिळाला नाही. मग त्याने कागद घेऊन अटी लिहिल्या, हिशेबनीस मनुष्य तो. वाणिज्य शाखा, ज्या महाविद्यालयाचा संघ आहे तेच महाविद्यालय, बारावी सुटता कामा नये, आणि दोन वर्षांनी पुन्हा बसून विचार. खाली त्याने सही केली, तिने केली. वहिनींनी जरा थांबून केली. आईने सही केली नाही. गणपतीत पुतणी शिबिराला गेली होती, तेव्हा मात्र तिने अकरा मोदक डब्यात भरले आणि मला म्हणाली, "तूच जाऊन देऊन ये. एवढी वाढलेली पोर, तिथल्या जेवणाने काय होणार तिचं?"

मी मोदक घेऊन गेलो. तिने चार जागीच संपवले, बाकीचे मैत्रिणींत वाटले, आणि गणिताची ती जुनी वही माझ्यापुढे धरली. शेवटच्या पानावरचा शेवटचा आकडा होता ८२.

अजून अठरा चुकतात. ही दोन वर्षे त्यांच्यासाठीच आहेत.