जहाज सुटल्यावर आलेलं बिल

बिल आलं तेव्हा जहाज न्हावाशेव्याहून सुटलेलं होतं. राग त्याचाच आहे, आणि अजून गेलेला नाही. माल बंदराबाहेर असताना कळवलं असतं, तर दुसरी शिपिंग लाइन पाहिली असती, निदान घासाघीस तरी केली असती.

पूर्णा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी कंपनीचे कागद मी बघतो. हळदीचा एक वीसफुटी कंटेनर रॉटरडॅमला निघाला होता. खरेदीदारानं सीआयएफ भाव मागितला, म्हणजे जहाजभाडं आणि विमा आमच्याकडे. मुंबईच्या एजंटानं भाडं कळवलं, ते धरून आम्ही किलोचा भाव दिला.

हा 2023 चा डिसेंबर. आदल्या महिन्यात, 19 नोव्हेंबरला, येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पकडलं. ते आपल्याच पिपावाव बंदराकडे येत होतं. तरी इथं पूर्णेत कुणाला त्याचं काय? पण त्या धास्तीनं डिसेंबरच्या मध्यावर मोठ्या जहाज कंपन्यांनी लाल समुद्र-सुएझचा रस्ता सोडला आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली.

मग ते बिल. भाडं ठरल्याप्रमाणे, त्याखाली युद्धजोखमीचा अधिभार वेगळा आणि वळशाचा वेगळा. मी फोन केला.

“सर, लाइननं लावलाय. आमच्या हातात काही नाही.”

“अहो, पण कोटेशन तुम्हीच दिलंत ना?”

“त्यात खाली बारीक अक्षरात आहे बघा.”

होतं. पण मला सांगा, जहाज आफ्रिकेच्या केपवरून जाणार असेल तर युद्धजोखीम कसली? आणि लाल समुद्रातूनच जाणार असेल तर वळशाचे पैसे कसले? दोन्ही एकदम कसे लागतात? लांबच्या रस्त्याला तेल जास्त जळतं, दहा-बारा दिवस जास्त लागतात, हे मान्य. पण सुएझचा टोल वाचतो, आणि मोठ्या जहाजाला तो लाखो डॉलर पडतो. ती वजाबाकी बिलात कुठंच नव्हती. एजंटाकडे याचं उत्तर नव्हतं, आणि त्याला ते द्यायची गरजही नव्हती. पैसे भरल्याशिवाय बिल ऑफ लेडिंग मिळणार नव्हतं. तो कागद नाही तर बँकेत कागदपत्रं जात नाहीत, आणि ती गेली नाहीत तर खरेदीदाराचे पैसे येत नाहीत. माल आमचा, पण समुद्रात. आम्ही बोलणार काय?

आमचे अध्यक्ष आबा एवढंच म्हणाले, “लढाई येमेनात अन् दंड पूर्णेत!” पैसे भरले. सभासदांचा हिशेब लांबला, आणि गावात त्याचं खापर माझ्यावर फुटलं.

खरेदीदारानं मधेच विचारलं, थोडी पोती विमानानं पाठवता का? दर काढला. समुद्र अडल्यानं विमानाकडे गर्दी वळलेली. किलोचं भाडं हळदीच्या भावापेक्षा जास्त निघालं. विमानानं आपले नमुने जातात, तेवढंच ठीक.

2024 च्या जुलैत भाडी शिखरावर पोचली, मग उतरली. कोविडात कमावलेल्या पैशातून कंपन्यांनी मागवलेली नवी जहाजं एकामागून एक पाण्यात आली होती. तेव्हा मी पुन्हा सीआयएफच भाव दिला, तोही जुनं चढं भाडं धरून. सौदा झाल्यावर भाडं आणखी उतरलं. फरक खरेदीदाराला परत केला नाही आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. त्यानं कोटेशनच्या खालचं वाचलं असेल, नसेल.

शेतकरी कंपन्यांच्या मंडळींना सांगणं एवढंच. नवखे असाल तर एफओबीवर विका. जहाजाची कटकट खरेदीदाराला करू द्या. सीआयएफ द्यावाच लागला, तर एजंटाकडून सगळे अधिभार धरून एकच आकडा लेखी घ्या, तो कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे तेही लिहून घ्या. लिहून देत नसेल, तर कंटेनर भरू नका.